सुभेदार, तुमच्या नवव्या प्रश्नाबद्दल

सुभेदार,

तुम्ही गेल्याला आज एकेचाळीस दिवस झाले. या दिवसांत तुमच्याबद्दल जे जे ऐकलं, त्यातलं निम्मं मला पटलेलं नाही. माणूस गेला की लोक त्याला इस्त्री करतात. शोकसभेत एकानं सांगितलं, सुभेदारांचा आवाज कधी चढला नाही. मी तिसऱ्या रांगेत होतो. विद्यापीठाच्या कँटीनमध्ये तुम्ही माझ्यावर ओरडलात, तेव्हा चहावाल्यानं गाणी बंद केली होती. हे उठून सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही. म्हणून लिहितो आहे.

आपण एका गावचे. मी दूध संस्थेचा सेक्रेटरी, तुम्ही निवृत्त होऊन आलेले फौजी. रस्त्यात भेटलो तर रामराम, एवढीच ओळख. खरी ओळख झाली ती पन्नाशी उलटल्यावर, एम. ए.च्या वर्गात. विषय जागतिक घडामोडी. वर्गात अठरा जण, त्यातले सोळा आपल्या पोरांच्या वयाचे. आठवड्यातून तीन दिवस पेठ वडगावहून एकाच गाडीनं जायचो. तुम्ही खिडकीशी, मी कडेला, मध्ये तुमची पिशवी.

मी का आलो, ते तुम्हांला माहीत होतं. दुधाचा दर पडला की सभासद काउंटरवर येऊन विचारायचे, का पडला? मी सांगायचो, आंतरराष्ट्रीय बाजारात पावडरीचा भाव उतरला. वीस वर्षं हे वाक्य वापरलं. तो बाजार कुठं असतो, त्यात कोण बसतं, हे मला ठाऊक नव्हतं. न समजता बोललेलं वाक्य पगार घेऊन बोलत होतो, याची लाज वाटायला लागली होती.

तुमचं कारण तुम्ही पहिल्या दिवशी मॅडमना उभं राहून सांगितलंत. शांतिसेनेतून आफ्रिकेतल्या एका देशात गेला होतात. "वरीसभर दोन टोळ्यांच्या मधी उभा हुतो. भांडण कशाचं हाय, ते आमास्नी कुणी सांगितलं न्हाय. ते शिकाय आलोय." पोरं हसायच्या बेतात होती, ती हसली नाहीत.

मॅडम आपल्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान. एकच युद्ध त्या चार वेळा शिकवायच्या. एकदा इतिहासातून, एकदा अर्थशास्त्रातून, एकदा राजकारणातून आणि शेवटी समाजशास्त्रातून, म्हणजे त्या गावातल्या बाईच्या चुलीपासून. तुम्हांला हा चौथा तास सगळ्यांत आवडायचा. मला दुसरा. एका मुलीनं निबंधात वाचून दाखवलं की शांतिसेना हे बड्या देशांचं हत्यार असतं. सगळ्यांनी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही वही उघडून म्हणालात, पोरी, पुस्तकाचं नाव आणि पान सांग, मला वाचायचं हाय. पुढच्या आठवड्यात वाचून आलात आणि तिला सांगितलंत की निम्मं बरोबर आहे. कुठलं निम्मं, यावर तुम्ही दोघं बस स्टॉपपर्यंत भांडत गेलात.

पहिल्या सत्रात एका विषयात मी नापास झालो. इंग्रजी पुस्तकाच्या एका पानावर मला एकतीस शब्द अडले होते. सोडून द्यायचं ठरवलं. तुम्ही घरी आलात आणि माझ्याशी न बोलता माझ्या बायकोशी, सुनंदाशी बोललात. काय बोललात ते ती अजून सांगत नाही. पण दुसऱ्या दिवशी तिनं माझा डबा भरून दारात ठेवला होता. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले. इथं मानतो.

आता मुद्द्यावर येतो.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकाला लघुप्रबंध होता. तुम्ही ठरवलंत, आपल्या भागातले जे शिपाई शांतिसेनेत जाऊन आले, त्यांना तिथं काय दिसलं ते लिहायचं. यादी केली. तुमच्यासकट चौदा नावं निघाली, सहा तुमच्याच तुकडीतली. पंधरा प्रश्नांचा फॉर्म केला. तक्ते करण्याचं काम माझ्याकडं आलं. घरोघर कुणी जायचं, यावर मीच म्हणालो की तुम्हीच जा, मी नुसता सोबत येतो, तुम्हांला लोक दार उघडतील. ही चूक माझी. ती कुणी तुमच्या नावावर घालू नये.

तुम्ही माजी सैनिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तारीख-वार टाकलात. सुभेदार साहेब येणार, असं कळल्यावर काय झालं ते मी सोबत असल्यानं डोळ्यांनी बघितलं. अंगण झाडलेलं. माणूस इस्त्रीचा शर्ट घालून, मेडल लावून दारात. एक हवालदार तर प्लास्टिकच्या खुर्चीवर पाठ ताठ करून, तळहात मांडीवर ठेवून बसला होता. तुम्ही आराम से म्हणालात तर तो आणखी ताठ झाला. मला हसू आलं होतं. तिथंच समजायला हवं होतं.

फॉर्म माझ्याकडं आले. नववा प्रश्न तुम्हीच मोठ्या विचारानं लिहिला होतात. तिथं असताना करावंसं वाटलं पण करता आलं नाही, असं काही होतं का? चौदा फॉर्म. चौदा वेळा "नाही". खाली बहुतेकांनी एकच वाक्य लिहिलेलं, आदेशाप्रमाणे काम केलं.

सुभेदार, मी रोज सकाळी दोनशेच्या वर नमुने तपासतो. एका गोठ्यातल्या दोन म्हशींची फॅट सारखी लागत नाही. ओळीनं चौदा बाटल्यांची फॅट दशांशापर्यंत सारखी लागली, तर मी म्हशींचं कौतुक करत नाही. कुणीतरी एकाच किटलीतनं सगळ्या बाटल्या भरल्यात, असं समजतो. हे मला तक्ता केला त्या दिवशीच कळलं होतं. तुम्हांला सांगायला मी आठ दिवस लावले, कारण तुम्ही तो तक्ता मॅडमना दाखवून आला होतात आणि तुमचा चेहरा आनंदात होता.

आठव्या दिवशी कँटीनमध्ये सांगितलं. म्हणालो, फॉर्म विचारणारा त्यांचा वरिष्ठ आहे. वरिष्ठासमोर शिपाई दुसरं काय सांगणार? पहिल्या सत्रात मॅडमनी फळ्यावर लिहिलं होतं की विचारणारा बदलला की उत्तर बदलतं. आपण दोघांनीही ते वहीत उतरवून घेतलं होतं. वहीतून ते बाहेर आलं नाही.

तुम्ही उभे राहिलात. "माझी मानसं खोटं बोलत्यात, असं म्हंतायसा?" मी म्हणालो, माणसं नाही, तक्ता खोटं बोलतोय. मग तुम्ही ओरडलात. "सेक्रेटरी, तुमचं गणित दुधाला चालतंय. मानसाला लावू नगासा." आणि चहा तसाच ठेवून गेलात.

अकरा दिवस तुम्ही गाडीत मागच्या सीटवर बसलात.

बाराव्या दिवशी सकाळी तुम्ही डेअरीवर रांगेत उभे. हातात किटली नाही, काही नाही. लोक चेष्टा करायला लागले, सुभेदार, म्हस कवा घेतलीसा? रांग संपली, मी मशीन पुसत होतो. तुम्ही म्हणालात, "नववा प्रश्न मी माझ्या फॉर्मवर कसा भरलाय, ते तुम्ही इचारलं न्हाईसा."

मी म्हणालो, नाही म्हणून भरलाय.

"व्हय. आदेशाप्रमाणं भरलाय."

कुणाच्या आदेशाप्रमाणं, असं मी विचारलं.

"माझ्याच," तुम्ही म्हणालात.

मी पुढं खोदलं नाही. आज वाटतं खोदायला हवं होतं. पण माणूस एवढं सांगायला रांगेत उभा राहिला, तर त्याला आणखी रेटू नये, असं मला त्या वेळी वाटलं. हा निर्णय बरोबर की चूक, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या दिवसापासून आपण सगळे फॉर्म नव्यानं भरायला घेतले. ठरलं असं की घरात मी एकटा जाणार, ग्रुपवर काही टाकायचं नाही, तुम्ही गावातल्या देवळात बसून राहणार. तुमचा फॉर्म सगळ्यांत शेवटी, असं तुम्हीच म्हणालात.

पहिलं घर त्या ताठ बसलेल्या हवालदाराचं, कर्नाटकाच्या हद्दीलगतच्या गावात. या वेळी तो बनियनवर होता, म्हशीला पेंड घालत. नवव्या प्रश्नाला पुन्हा नाहीच म्हणाला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून त्याच्या बायकोचा आवाज आला. तिचं माहेर कानडी, मराठी तोडकं पण थेट. "न्हाय कसं? नळाला बायकांची रांग लागली की तुमी उठून आत का जाताय मग?"

तो बराच वेळ पेंडीचा हात पुसत राहिला. मग बोलला. त्यांच्या छावणीला तारेचं कुंपण होतं. पाण्याची टाकी आत. कुंपणाबाहेर रोज बाया डबे घेऊन उभ्या राहायच्या. फाटक उघडायचा आदेश नव्हता. "रोजच्या त्याच बाया हुत्या. तोंडं वळखीची झालती," एवढं तो म्हणाला. मी शब्दाला शब्द लिहून घेतलं.

देवळात येऊन तुम्हांला वाचून दाखवलं. तुम्ही चष्मा काढून खिशात ठेवलात. गाडीत बसल्यावर मला विचारलंत, "सेक्रेटरी, ती डबा घिऊन उभी असलेली बाई तुमच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात बसवणार?"

मी म्हणालो, एक माणूस म्हणजे एक नोंद. तुम्ही म्हणालात, एक नोंद नव्हे, ती अख्खी बाई हाय. पाचवं घर होईपर्यंत आपण यावर भांडत होतो. मी म्हणत होतो की एकाच्या आठवणीवरून काही सिद्ध होत नाही. तुम्ही म्हणत होतात की चौदा जणांच्या बेरजेत जे बुडतं, तेच शिकायला आपण इथं आलो. पाचवा फॉर्म गुरुवारी झाला. सोमवारी सहाव्या घरी जायचं होतं. रविवारी सकाळी तुम्ही गेलात.

आठ घरं राहिली. आणि तुमचा फॉर्म.

तुमच्या मुलाचं, अजितचं, मी समजू शकतो. कागलच्या एमआयडीसीतली नोकरी सांभाळून त्यानं सगळं केलं. त्याला कपाटात तुमच्या प्रबंधाची जुनी प्रत सापडली, चौदा जणांची, माझ्या तक्त्यांसकट. त्यानं ठरवलं, महिन्याच्या कार्यक्रमाला तिचं पुस्तक करून वाटायचं. वर तुमचा गणवेशातला फोटो. शाहूपुरीतल्या छापखान्यात टाकूनही आला. मला फक्त एवढंच सांगायला आला की काका, मागच्या पानावर तुमचे चार शब्द हवेत.

मी म्हणालो, हे छापू नकोस.

पाहुणे होते, तुमचा धाकटा भाऊ होता. मी सांगितलं की ही प्रत सुभेदारांनी स्वतः बाजूला ठेवली होती आणि नव्यानं काम सुरू केलं होतं. अजितला ते ऐकू गेलं नाही. त्याला एवढंच ऐकू गेलं की बाप गेल्यावर महिनाभरात कुणीतरी त्याच्या लिहिण्याला खोटं म्हणतंय. "माझ्या वडिलांनी देशाची नोकरी केली. त्यांच्या पुस्तकात तुम्हांला दुधात शोधता तसं पाणी शोधायचंय का?" असं तो म्हणाला. तुमचा भाऊ म्हणाला, पावणं, आता जावा तुम्ही. आपल्याच गावात मला पावणं म्हणाला.

मी उठलो. तेवढ्यात वहिनी आतून आल्या. महिनाभर त्या कुणाशी चार शब्दांपलीकडं बोलल्या नव्हत्या. त्यांनी अजितला विचारलं, त्या कागदांत त्यांच्या स्वतःच्या नावाचा बी फॉर्म हाय का? अजितनं काढून दिला. त्यांनी नववा प्रश्न वाचला, उत्तर वाचलं आणि कागद घडी न घालता परत केला.

"तिकडनं आल्यावर तीन वर्सं हा मानूस जेवताना माझ्याकडं बघत न्हवता. काय झालंय ते मला कधी सांगितलं न्हाय, मी इचारलं न्हाय. पर इथं 'न्हाय' लिवलंय, ते छापाय देणार न्हाय मी."

छापखान्यातून अजितनं दुसऱ्या दिवशी प्रत परत आणली. माझ्याशी अजून नीट बोलत नाही. बोलेल. तुमच्यासारखाच आहे, अकरा दिवस लागतील की एकवीस, एवढाच प्रश्न.

विद्यापीठात जाऊन आलो. मॅडम म्हणाल्या की विद्यार्थी हयात नसेल तर प्रबंध परीक्षेला घेता येत नाही, नियम तसा आहे. पण काम पुरं झालं आणि तक्ते खरे असतील, तर विभागाच्या ग्रंथालयात तुमच्या नावानं ठेवता येईल. पुढच्या वर्षीची पोरं ते वाचतील. "खरे असतील तर," असं त्या दोनदा म्हणाल्या. मी म्हणालो, दोनदा सांगायची गरज नाही.

हे वहिनींना सांगायला गेलो, तेव्हा त्यांनी विचारलं की उरल्यातलं पयलं घर कुणाचं. मला वाटलं, माहितीसाठी विचारतायत. नाव सांगितलं, कागलकडच्या गावातले नाईक, तुमच्याच तुकडीतले. त्या म्हणाल्या, मी येते. मी अडखळलो. लोक बोलतील, अजितला चालणार नाही, हे सगळं मनात आलं. पण मी त्यांना खरी अडचण सांगितली. वहिनींकडं बघून नाईक पुन्हा सावधान उभे राहतील. सुभेदारांच्या घरच्या म्हणून तीच उत्तरं पुन्हा मिळतील. फॉर्म वाया जाईल.

"मी नाईकाकडं कुठं जातीया," त्या म्हणाल्या. "मी मागच्या दारानं त्याच्या बायकोकडं जाते."

परवा गेलो. मी पुढच्या सोप्यात नाईकांसमोर बसलो. वहिनी मागच्या दारानं आत गेल्या आणि तिथल्या बाईबरोबर शेंगा फोडत बसल्या. मध्ये नुसती अर्धी भिंत, सगळं ऐकू येत होतं. नाईक नवव्या प्रश्नाला नाही म्हणाले. आतमध्ये त्यांची बायको वहिनींना वेगळंच काहीतरी सांगत होती. म्हशी अंगणात शिरून कोथिंबीर खातात, असली तक्रार. का, तर अंगणाला फाटक नाही. चांगलं लोखंडी होतं, पण ह्यांनी तिकडून आल्या आल्या काढून विकून टाकलं. पुन्हा बसवू देत नाहीत.

शेंगा फोडायचा आवाज थांबला. नाईक खाली बघायला लागले.

मग वहिनींचा आवाज आला, अगदी हळू. "आमच्याकडं बी न्हाय, बाई. खांब हाईत. ह्ये तिकडनं आल्यापास्नं फाटक न्हाय."

सुभेदार, मी तुमच्याकडं किती वेळा आलो असेन. दोन दगडी खांब, त्यांना बिजागऱ्या, मध्ये रिकामं. गाडी आत घ्यायला सोयीचं म्हणून काढलं असेल, असं धरून चाललो होतो. मोजमाप करणारा माणूस मी, आणि हे मी कधी मोजलं नाही.

नाईकांनी मग सांगितलं. जे सांगितलं ते लिहून घेतलं आहे. त्यात तुमचं नाव आलं का, हे मी इथं लिहिणार नाही. तो त्यांचा फॉर्म आहे, तुमचा नाही.

तुमच्या फॉर्मचं मी काय करणार, ते सांगतो. तुम्ही लिहिलेलं "नाही" मी खोडणार नाही. उत्तर देणाऱ्याचं उत्तर बदलायचा हक्क तक्ता करणाऱ्याला नसतो. त्याखाली तीन ओळी लिहीन. हे उत्तर स्वतःच्याच आदेशावरून दिल्याचं त्यांनी नंतर तोंडी सांगितलं. कारण सांगितलं नाही. परत आल्यापासून घराला फाटक नाही. बस. दोन घरांना फाटक नाही, यावरून काही सिद्ध होत नाही, हे मॅडम म्हणतील, त्याआधी मी म्हणतो. पण ते लिहिलं जाईल. आणि डबा घेऊन उभी असलेली ती बाई रकान्यात बसवणार नाही. तक्ता संपल्यावर तिला वेगळं पान देईन. या वादात तुमचं बरोबर होतं. पूर्ण नाही, निम्मं. कुठलं निम्मं, यावर आता भांडता येणार नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तुम्ही असता तर या तीन ओळींवरून चिडला असतात. चिडा. मी त्या काढणार नाही.

सात घरं राहिली आहेत. उद्याचं गाव वहिनींनी ठरवलं आहे. सकाळचं दूध उरकून निघू. अजित सोडायला येतो म्हणाला, त्या गावाच्या वेशीपर्यंत. आत येणार नाही म्हणाला, आणि कुणाला सांगू नका मी आलोय. मी म्हणालो, बरोबर.